सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घरगुती फराळाची जाहिरात कशी टाकावी?

खारघरच्या सोसायटीत फराळ विकायचाय, पण ग्रुपवर जाहिरात टाकली की कुरकुर होते, असं तुम्ही विचारलंय. आधी अॅडमिनला वैयक्तिक मेसेज करून परवानगी घ्या, वारही ठरवून घ्या.

मग एकच मेसेज, एकच फोटो. दहा फोटोंचा मारा झाला की पाणीकपातीची सूचना वर निघून जाते, लोक चिडतात ते त्यामुळेच. मेसेज असा: 'भाजणीची चकली, पाव किलो १५० रुपये. ऑर्डर गुरुवारी रात्री ८ पर्यंत. शनिवारी घरपोच. बी विंग.' खाली एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नोंदणी क्रमांक द्या. भाव लपवून 'पर्सनलवर विचारा' लिहू नका. लोक ग्रुपवरच विचारतात आणि गोंधळ वाढतो. ऑर्डर मात्र पर्सनलवरच घ्या.

ग्रुपमधले नंबर उचलून, न विचारता नवा ग्रुप काढणं तर अजिबात नको. त्यापेक्षा इच्छुकांना तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा आणि ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. नंबर सेव्ह नसेल तर ब्रॉडकास्ट त्यांना पोचतच नाही, म्हणजे नको असलेल्यांना त्रासही नाही. ग्रुपवर पुन्हा यायचं ते पुढच्या सणालाच.