लेकीला वकील करायचंय की तुमची केस लढवायचीय?

एडिसन, न्यू जर्सीहून एका बाबांचं पत्र आलंय. मुलगी पोलिटिकल सायन्सच्या शेवटच्या वर्षाला, एलसॅटचा, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर 158. बाबांनी जुन्या कंपनीवर भेदभावाची केस टाकली होती, ती नेवार्कच्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात जजने समरी जजमेंट देऊन, म्हणजे ज्युरीसमोर न जाताच, संपवली. त्याला दोन आठवडे झाले. आता लेकीने हे सेमिस्टर सोडून अपीलाचा ब्रीफ, म्हणजे कोर्टाला द्यायचा लेखी युक्तिवाद, लिहावा, "इंग्रजी झकास आहे तिचं", आणि मग लॉ करून केस पुढे न्यावी असं त्यांच्या मनात आहे, आणि 158 वर ते जमेल का असं विचारतायत.

अहो बाबा, 158 राहू द्या बाजूला, मी त्या दोन आठवड्यांवरच अडकलोय. समोर खाजगी कंपनी असली की नोटीस ऑफ अपील, म्हणजे अपील करतोय हे कळवणारा कागद, द्यायला निकालापासून 30 दिवस मिळतात, आणि ती फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किटला, म्हणजे वरच्या अपील कोर्टाला, नाही, त्याच नेवार्कच्या कोर्टात द्यायची. निम्मे दिवस तर गेलेच. ओहायोतल्या बोल्स नावाच्या कैद्याला अपीलाची हुकलेली मुदत पुन्हा उघडून देताना जजनेच चुकून 14 च्या जागी 17 दिवस दिले, त्याने त्या 17 च्या आत कागद दिला, तरी 2007 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने त्याचं अपील बाद ठरवलं. जजची चूक होती तरी! आणि तुम्ही तीन वर्षांच्या जेडीचं, म्हणजे लॉच्या डिग्रीचं, प्लॅनिंग करताय.

दुसरं, तुमच्या पत्रातलं ते "वकिलाने न दाखवलेले तीन खोके ईमेल वरच्या कोर्टात दाखवू". नाही दाखवता येत. तिथे साक्षीदार नसतो, ज्युरी नसते, नवा पुरावा सहसा घेतच नाहीत. तीन जज बसतात आणि खालच्या कोर्टात जे कागद दाखल झाले तेवढेच बघतात. समरी जजमेंट असेल तर ते सगळं नव्याने तपासतात हे खरं, पण नव्याने म्हणजे तेच कागद पुन्हा, तुमचे खोके नव्हे. आणि लायसन्स नसताना मुलगी तुमच्या वतीने उभी राहू शकत नाही, तुमची केस तुम्ही स्वतः लढू शकता, ती नाही.

आता लेकीचं. दोन पानी पत्रात तिच्याबद्दल धड एकच ओळ आहे, की ती दर शनिवारी भाडेकरूंना फॉर्म भरून द्यायला जाते आणि "उगाच वेळ घालवते". मला तर अख्ख्या पत्रात कामाची तेवढीच ओळ वाटली! जेडी, मग बार म्हणजे वकिलीच्या लायसन्सची परीक्षा, जमलं तर एखाद्या जजकडे वर्षभर क्लर्कशिप, म्हणजे मदतनीस म्हणून काम, हा रस्ता सगळ्यांना माहितीये आणि 158 काही वाईट नाही. पण बापाचा हरलेला दावा डोक्यावर घेऊन लॉ स्कूलला गेलेली पोर पहिल्याच वर्षी दमते हो.

उद्या सकाळीच अपील करणाऱ्या वकिलाला फोन लावा, निकालाची तारीख सांगा, खोके नंतर काढा. तिला सेमिस्टर पूर्ण करू दे. आणि लॉचं विचारायचं असेल तर पुढचं पत्र तिला लिहू दे, त्यात तुमच्या केसचं नाव नसलं तरी मी उत्तर देईन.