मुका मार आणि अर्ध्या तासाचा कागद

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयावर आहेत. पोटाला मुका मार लागला, वरून काही दिसलं नाही आणि आत मात्र काहीतरी फाटलं होतं. इतर प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : माझे मिस्टर (वय ४१) मोटारसायकल घसरून डाव्या कुशीवर पडले. बरगड्यांपाशी खरचटलं होतं, बाकी काही नाही. लगेच सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. तिसऱ्या दिवसापासून डावा खांदा दुखायला लागला, म्हणून मी तेल लावून शेकत होते. पाचव्या दिवशी ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. जिल्ह्याच्या गावी सीटी स्कॅन केला तेव्हा प्लीहा फाटल्याचं कळलं. पण ऑपरेशन केलंच नाही. दोन पिशव्या रक्त दिलं आणि आठ दिवस झोपवून ठेवलं. आधीची सोनोग्राफी चुकली होती का? आणि ऑपरेशन न करणं बरोबर आहे का?
— एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : ताई, आधी खांद्याचं बोलते. तेल लावल्याचं तुम्ही आवर्जून लिहिलंय, त्यावरून ते तुमच्या मनाला लागलंय हे कळतं. ते मनातून काढून टाका. खांद्याला काही झालेलंच नव्हतं. प्लीहा, म्हणजे जुनी माणसं जिला पाणथरी म्हणतात ती, डाव्या बाजूला खालच्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला) चिकटून असते. तिच्यातून झिरपलेलं रक्त श्वासपटलाला लागलं की ते चुरचुरतं. श्वासपटलाची नस निघते मानेतून, आणि खांद्याच्या कातडीची जाणीवही मानेच्या त्याच भागात पोचते. त्यामुळे दुखणं पोटातलं असतं आणि मेंदूला ते खांद्याचं वाटतं. केहर नावाच्या जर्मन सर्जनच्या नावाने हे लक्षण आम्हाला शिकवतात. तरी गर्दीच्या ओपीडीत ते निसटतं. डाव्या कुशीवर पडलेल्या माणसाने डावा खांदा दुखतो म्हटलं, की आधी पोट बघायचं.

सोनोग्राफी खोटी नव्हती, लवकर केलेली होती. अपघातानंतरची सोनोग्राफी चीर शोधत नाही, सांडलेलं रक्त शोधते. यकृताच्या कडेला, प्लीहेच्या कडेला, ओटीपोटात आणि हृदयाभोवती, अशा चार जागा बघतात. पाव लिटरच्या आसपास रक्त साठल्याशिवाय ते नीटसं दिसत नाही. तुमच्या मिस्टरांचं रक्त पहिल्या तासात बहुधा प्लीहेच्या पातळ आवरणाखालीच कोंडून राहिलं असावं. ते आवरण पुढे सुटलं. त्या दिवशीच्या ‘नॉर्मल’चा अर्थ एवढाच, की त्या घडीला पोटात मोकळं रक्त दिसलं नाही. तुम्हाला घरी सोडताना हे कुणीतरी शब्दांत सांगायला हवं होतं.

हिमोग्लोबिनचंही तसंच. पातेलंभर सरबतातलं अर्धं ओतून दिलं तरी उरलेलं तितकंच गोड लागतं. पाणी घातल्यावर ते पचपचीत होतं. रक्त वाहून गेल्यावर शरीर आतलं पाणी रक्तात ओढतं, त्याला काही तास लागतात, आणि तोवर रिपोर्टात १३ चं १३ च येतं.

हे मला कसं कळलं तेही सांगते. मी रेसिडेंट होते. रात्री दुचाकीवरून पडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतः चालत आला होता. बीपी १२०/८०. नाडी ११०, ती मीच कागदावर लिहिली आणि घाबरला असेल असं मीच ठरवलं. कपाळाला चार टाके घातले आणि त्याला बाकावर बसवलं. दोन तासांनी वॉर्डातल्या मावशी मला शोधत आल्या. “मॅडम, त्या पोराला दरदरून घाम सुटलाय, पाणी मागतोय सारखा.” बीपी ७० वर आलं होतं. पोट उघडलं तेव्हा दीड लिटर रक्त आणि दोन तुकडे झालेली प्लीहा. तो वाचला, तो मावशींमुळे. साठ किलोच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं सव्वा लिटर जाईपर्यंत तरुण शरीर वरचं बीपी धरून ठेवू शकतं. तोपर्यंत बोलते ती फक्त नाडी. त्या रात्रीपासून माझ्याकडे मुक्या माराच्या प्रत्येक पेशंटच्या उशाशी एक कागद असतो. दर अर्ध्या तासाला वेळ, नाडी, बीपी, पोट मऊ की कडक. एका ओळीला काही अर्थ नसतो. ८४, ९२, १०४ अशा तीन ओळी एकाखाली एक आल्या की मी खुर्चीत बसून राहत नाही. (बीपी किंवा हृदयासाठी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढणार नाही. म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं दवाखान्यात नेत चला.)

आता ऑपरेशन. पूर्वी प्लीहा फाटली की काढून टाकायची, असाच रिवाज होता. १९५२ मध्ये किंग आणि शूमाकर या अमेरिकन सर्जननी प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांना जीवघेणा जंतुसंसर्ग होतो हे दाखवलं, तेव्हा तिची किंमत कळली. १९७२ मध्ये आपल्या दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं की फाटलेली प्लीहा आपली आपण भरून येते. त्याआधी १९६८ मध्ये त्यांनी आणि सिम्पसन यांनी टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातला अनुभव मांडला. या कामात आपला माणूस पुढे होता, याचा मला फार अभिमान वाटतो. आज नाडी-बीपी स्थिर असेल तर बहुतेक प्लीहा आम्ही वाचवतो. गरज पडली तर जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन रक्त गळणारी फांदी बंद करता येते. ‘नुसतं झोपवून ठेवलं’ असं तुम्हाला वाटलं, पण त्या आठ दिवसांत कुणीतरी रात्री-अपरात्री नाडी मोजत होतं आणि गरज पडल्यास थिएटर तयार होतं. हाच तो उपचार. जिथे थिएटर आणि रक्त हाताशी नाही, तिथे तो करू नये.

घरी आता साधारण तीन महिने जड उचलणं, मोटारसायकल, ट्रॅक्टर बंद. वेदनेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय नको. चक्कर, घाम, पुन्हा खांदेदुखी, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

प्रश्न : मुलगा (वय ९) सायकलवरून पडला तेव्हा हँडल पोटात घुसलं. बेंबीच्या वर एक गोल वळ आहे. खेळतो-बिळतो, पण काल संध्याकाळपासून दोनदा उलटी झाली. पित्ताची असेल का?
— एक वडील, चिपळूण

उत्तर : पत्र मिळाल्या दिवशीच मी तुम्हाला कळवलं होतं, इथे इतरांसाठी लिहिते. तो गोल वळ मी अनेक मुलांच्या पोटावर पाहिलाय. रुपयाच्या नाण्याएवढा, कडा ठसठशीत, मध्ये कातडी जवळजवळ साफ. हँडलचा रबर फाटून लोखंडी नळी उघडी पडलेली असते, तिचा तो शिक्का. मुलांचं पोट पातळ. नळी आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा पहिला भाग चेचला जातो. आतड्याच्या भिंतीत रक्ताची गाठ होऊन वाट बंद झाली की उलट्या सुरू होतात, त्याही एक-दोन दिवसांनी. आतड्याला छोटं भोक असेल तर ते सोनोग्राफीत सापडत नाही. स्वादुपिंडाची रक्ततपासणीही पहिल्या काही तासांत बरोबर येऊ शकते. म्हणून भरती करून, तोंडाने काही न देता, एकाच डॉक्टरने एकाच हाताने पोट पुन्हा पुन्हा तपासायचं आणि संशय राहिला तर सीटी. आणि आजच सायकलच्या दोन्ही मुठींना नवे रबर बसवा.

प्रश्न : शारजात असलेल्या माझ्या भावाला ट्रकने धडक दिली. यकृत फाटलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत कापडं भरली आणि टाके न घालता नुसतं झाकून आयसीयूत पाठवलं. दोन दिवसांनी दुसरं ऑपरेशन. पहिल्यांदा जमलं नाही म्हणून असं केलं का?
— एक बहीण, सातारा

उत्तर : नाही. त्यांनी धीर धरून योग्य तेच केलं. खूप रक्त गेलेला माणूस थंड पडतो, त्याच्या रक्तातलं आम्ल वाढतं आणि रक्त गोठायचं थांबतं. ही तीन संकटं एकमेकांना वाढवत नेतात. अशा वेळी तीन-चार तास यकृत शिवत बसलं तर यकृत शिवलं जाईल आणि माणूस टेबलावरच जाईल. म्हणून मोठी फडकी (आम्ही त्यांना मॉप म्हणतो) यकृताभोवती घट्ट दाबून बसवायची, तासाभरात बाहेर पडायचं, आयसीयूत ऊब द्यायची, रक्त द्यायचं आणि एक-दोन दिवसांनी मॉप मोजून काढायचे. आत सूज असते, ओढून शिवलं तर पोटातला दाब वाढून मूत्रपिंडं बंद पडतात. पोट उघडं ठेवतात ते म्हणून. याला ‘डॅमेज कंट्रोल’ म्हणतात, हा शब्द आरमारातला. फुटलेलं जहाज भर समुद्रात नीट दुरुस्त करत बसत नाहीत, भोक बुजवून आधी बंदर गाठतात. भावाची दुसरी फेरी पार पडली, हे वाचून खरंच बरं वाटलं.

प्रश्न : आमचं हॉटेल हायवेला लागून आहे. अपघात झाला की आम्हीच आधी पोचतो. पाणी पाजावं का? पोलिसांचं लचांड मागे लागेल का?
— एक हॉटेलचालक, कराडजवळ

उत्तर : पाणी नको, चहा नको. पोट चोळू नका, दाबून बघू नका. १०८ लावा, वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा, अंगावर चादर घाला. रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्सामिक आम्ल हे स्वस्त इंजेक्शन पहिल्या तीन तासांतच द्यायचं असतं. भारतासह ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवर ते तपासलं गेलं आणि २०१० मध्ये त्याचा फायदा सिद्ध झाला. तुमच्या हॉटेलसमोर गेलेला प्रत्येक अर्धा तास त्या तीन तासांतूनच जातो.

पोलिसांची भीती नको. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर जखमीच्या बऱ्यावाईटासाठी दावा किंवा खटला होत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. हॉटेलवर जेवायला गाडी थांबली की ड्रायव्हरला लघवीला जाऊन यायला सांगा. भरलेलं मूत्राशय धडकेत फुग्यासारखं फुटतं, रिकामं सहसा वाचतं. आणि जखमीला गाडीत घालताना एका कागदावर लिहून द्या : अपघात किती वाजता झाला, पट्टा लावला होता का, नाडी मिनिटाला किती. मनगट धरून पूर्ण एक मिनिट मोजायची. तुमच्या पोरांना एका दुपारी शिकवता येईल. तो कागद माझ्यासारखीच्या हातात पडला, की तिच्या कागदाची पहिली ओळ तुम्ही लिहिलेली असेल.