धनुष्याचं पातं पिळलंय? आधी दोरी बघ

तम्मा, घाबरू नको, लाकडी धनुष्याच्या पात्याला, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागाला, थोडा पीळ येतोच की. कानस उचलायच्या आधी दोरी चढवून टोकाकडनं बघ, दोरी मुठीच्या मधनं जाते का. जात असली तर हात लावू नको.

जात नसली तर:
- पहिल्यांदा दोरी अडकवायच्या टोकाच्या खाचा तपास, बऱ्याचदा एक जास्त खोल असते आणि दोष लाकडावर जातो
- मग पात्याच्या दोन्ही कडांची जाडी मोज, जाड कड ताकदीची, तीच पोटाच्या बाजूनं (ओढताना आपल्याकडं असते ती) थोडी थोडी खरवड, दर वेळी ओढून बघ. पाठीला, म्हणजे पलीकडच्या बाजूला, मात्र अजिबात नाही, तिथला लाकडाचा धागा तुटला की धनुष्य मोडलंच

हीट गननं तापवून पीळ काढायचं ते नंतर, आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात ओलं लाकूड तर घेऊच नको, वाळताना परत पिळतंय.