मुलगा उंच आहे पण संथ आहे, सेंटर बॅक खेळावं का?

तुमचा मुलगा सोळा वर्षांचा, उंच, डोकं चांगलं, पण पळण्यात मागे. सरांनी त्याला सांगितलंय की या वेगावर फुटबॉलमध्ये सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहणारा बचावपटू, होता येणार नाही. आणि तुम्ही विचारताय की पेर मेर्टेसाकर एवढा संथ असून जर्मनीकडून 104 सामने कसा खेळला, नुसत्या उंचीवर का?

उंची होतीच, 1.98 मीटर. पण नुसत्या उंचीवर कुणी इतकी वर्षं टिकत नाही. 2003 च्या नोव्हेंबरात तो हॅनोव्हर 96 या क्लबकडून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, पहिल्यांदा उतरला. वर्षभरात जर्मनीचे प्रशिक्षक क्लिन्समननी त्याला तेहरानमध्ये इराणविरुद्ध जर्मनीची जर्सी दिली, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. सैन्यातल्या सक्तीच्या सेवेऐवजी मनोरुग्णांच्या इस्पितळात काम करण्याचा पर्याय त्याने घेतला होता, तेही याच काळात. मग 2006 चा घरचा वर्ल्ड कप, ब्रेमेनमध्ये पाच हंगाम, 2009 चा जर्मन कप आणि 2011 पासून इंग्लंडचा आर्सेनल क्लब. वेग तेव्हाही नव्हता, नंतरही आला नाही.

त्याचं काम कसं चालायचं ते नीट बघण्यासारखं आहे. समोरचा मिडफिल्डर पास द्यायला मान खाली घालतो, त्या क्षणी मेर्टेसाकर दोन पावलं मागे गेलेला असायचा. चेंडू सुटल्यावर धावायला लागलो तर आपण हरलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून शर्यत लागूच द्यायची नाही. अंगावर येणाऱ्या खेळाडूवर झेप घ्यायची नाही, त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत न्यायचं, वेळ काढायचा, साथीदार परत येईपर्यंत. सेंटर बॅक असूनही त्याचे फाउल फार कमी असायचे, ते यामुळेच. आणि तोंड सतत चालू: याला पुढे ढकल, त्याला आत बोलव, लाइन, म्हणजे बचावाची रांग, वर घे.

दुसरी गोष्ट जोडीदार. आर्सेनलमध्ये कोसिएल्नी चपळ. तो पुढे जाऊन चेंडू हिसकावायचा आणि मेर्टेसाकर मागची जागा राखायचा. 2013-14 मध्ये ही जोडी जमली तेव्हा बघायला सुरेख वाटायची. मात्र त्याच हंगामात मँचेस्टर सिटीने 6-3, लिव्हरपूलने 5-1 आणि चेल्सीने 6-0 ने फोडून काढलं. लाइन वर, मिडफिल्डमधून चेंडू सहज हातचा जातोय आणि मागे तीस-चाळीस मीटर मोकळं मैदान, असं झालं की संथ सेंटर बॅकला कुठलंही शहाणपण वाचवत नाही. तेव्हा सरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण ते अर्धं आहे. संघ कसा खेळतो आणि शेजारी कोण उभा आहे, हा उरलेला अर्धा भाग.

तुमच्या मुलाला मी एकच सामना बघायला सांगेन, 27 मे 2017 ची इंग्लंडच्या एफए कपची फायनल. मेर्टेसाकर आर्सेनलचा कर्णधार होता, पण गुडघ्याच्या दुखापतीने तो अख्खा हंगाम बाहेर. लीगच्या शेवटच्या सामन्यात बदली म्हणून थोडा वेळ मिळाला, तेवढाच. सुरुवातीच्या अकरांत वर्षाहून जास्त काळ नाव नव्हतं. कोसिएल्नीवर बंदी, गाब्रिएल जखमी, म्हणून आर्सेनलचे प्रशिक्षक वेंगरनी थेट याला लीग चॅम्पियन चेल्सीसमोर उभं केलं. समोर दिएगो कोस्टा, हझार्ड, पेद्रो. सगळ्यांना वाटलं आज हा उघडा पडणार. पण तिघांच्या बचावात तो मधोमध, एका बाजूला एकवीस वर्षांचा रॉब होल्डिंग, दुसऱ्या बाजूला मोनरेआल. कडेचं पळायचं काम ते दोघं करत होते आणि हा मध्ये उभा राहून कोस्टाचे शॉट अडवत होता. कोस्टाने एक गोल केला, पण आर्सेनल 2-1 ने जिंकलं. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा खेळ, 2014 च्या वर्ल्ड कपपेक्षाही. त्या वर्ल्ड कपमध्ये उपांत्यपूर्व फेरीत त्याला बसवून हुमेल्स-बोआटेंग खेळवले. त्याने कुरकुर केली नाही, फायनलमध्ये अगदी शेवटच्या मिनिटाला मैदानात आला आणि विश्वविजेता म्हणून त्याच वर्षी राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. निवृत्त होण्याआधी, मार्च 2018 मध्ये, त्याने 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाला मुलाखत दिली. सामन्याच्या दिवशी जुलाब व्हायचे. किकऑफच्या आधी पोटातून असं ढवळून यायचं की ओकारी येईल, म्हणून तो मान बाजूला वळवायचा, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. 2006 मध्ये उपांत्य सामन्यात इटलीकडून हरल्यावर दुःख झालं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, हेही त्याने सांगितलं. जर्मनीचा माजी कर्णधार लोथार माथेउससारख्यांनी त्यावर टीका केली, की असा माणूस तरुण मुलांना काय शिकवणार. मला ती टीका फार चुकीची वाटली. हॅनोव्हरला त्याच्या मागे गोलमध्ये उभा राहणारा रॉबर्ट एन्के 2009 मध्ये आत्महत्या करून गेला. इतकं जवळून पाहिलेला माणूस बोलतोय, तर ऐकावं. 2018 च्याच उन्हाळ्यात आर्सेनलने आपली अकादमी त्याच्याकडे सोपवली, ते योग्यच केलं.

हे मुद्दाम लिहितोय. मुलाला 'तू हळू आहेस' हे रोज ऐकावं लागत असेल तर सामन्याच्या सकाळी तो नीट खातो का, झोपतो का, एवढं बघा. विचारा, पण जिंकण्या-हरण्याच्या बोलण्यात गुंफून नको.

सरावाचं म्हणाल तर स्प्रिंट सोडू नका. सोळाव्या वर्षी वेग थोडाफार वाढतो, पहिल्या पाच मीटरचा तर नक्कीच. त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा दोनास-दोन खेळवा, मागे मोठी जागा ठेवून, आणि त्याला टॅकल करायला पूर्ण बंदी. फक्त अडवायचं, बाहेर न्यायचं, जोडीदाराला हाका मारायच्या. महिनाभरात कळेल त्याला खेळ आधी दिसतो की नाही. दिसत असेल तर सरांशी पुन्हा बोला आणि शेजारी चपळ मुलगा मागून घ्या. दिसत नसेल तर बचावाच्या पुढे, होल्डिंग मिडफिल्डला खेळवून बघा, तिथेही उंची कामाला येते.

आणि ती 2017 ची फायनल बघताना चेंडू सोडून द्या म्हणावं. नव्वद मिनिटं फक्त चार नंबरकडे बघायचं.