पकड कधी सोडायची?

प्रिय मित्रा,

जिउ-जित्सूच्या सरावात तू हील हुक लावलास तेव्हा नव्या मुलाने वेळेवर टॅप केला नाही, म्हणजे हार मानल्याची थाप दिली नाही, म्हणून त्याचा गुडघा दुखावला, यात आपली काय चूक, असे तू विचारले आहेस. माझ्या मते चूक तुझीच आहे, कारण डाव तुझ्या हातात होता आणि त्याला तो डाव ठाऊकही नव्हता.

हील हुकमध्ये टाच कोपराच्या खोबणीत धरून पिळली जाते. वरवर घोटाच वळताना दिसतो, पण तो पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधांवर येतो आणि कळ जाणवेपर्यंत बरेचदा इजा होऊन गेलेली असते. हात सरळ ताणण्याच्या आर्मबार डावात कोपर आधी इशारा देतो. इथे तेवढी सवड मिळत नाही, आणि घाबरलेला नवखा तर सुटण्यासाठी नेमका चुकीच्या बाजूला वळतो. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने गीमध्ये, म्हणजे जाड सुती पोशाखातल्या लढतींत, हील हुक हा डाव सर्वांनाच निषिद्ध ठेवला असून नो-गीमध्येही, म्हणजे त्या पोशाखाविनाच्या लढतींतही, 2021पासून फक्त प्रौढ ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टधारकांना मुभा दिली आहे, ती उगाच नव्हे. सरावात टाच पक्की सापडली की तिथेच थांब आणि सोडून दे. पुढे पिळून तुला शिकण्यासारखे काहीच उरत नाही.

समोरचा कसलेला असला तरी निर्धास्त राहू नकोस. 1980 साली जपानच्या राष्ट्रीय ज्युदो स्पर्धेत सुमियो एंदो यांच्या कानी बासामीने, म्हणजे पायांची कात्री घालून पाडण्याच्या डावाने, यासुहिरो यामाशिता यांच्या पायाचे हाड मोडले, आणि ते दोघेही जगज्जेते होते. हा कात्री डाव तर सरावात नकोच.

गळा आवळताना जोडीदाराच्या हाताकडे लक्ष ठेव. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि तेव्हा टॅप येतच नाही, हात नुसता सैल पडतो. हात अडकलेले असतील तर पायाने थोपटणे किंवा तोंडाने सांगणे हाही टॅपच, आणि ओरडणेसुद्धा. त्यावर वाद घालायचा नसतो.

नखे कापणे, गजकर्ण झाले असताना मॅटवर न उतरणे, हे तुला सांगायला नकोच. मात्र कोणी तुझ्याबरोबर रोल, म्हणजे सरावाची लढत, करायला नको म्हटले, तर कारण न विचारता ते मान्य कर. विशेषतः मुलींना आणि वयाने मोठ्यांना खुलासा द्यावा लागू नये.

त्या मुलाला आजच फोन कर. सूज असेल तर त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे तूच घेऊन जा, आणि तो परत येईल तेव्हा पहिला रोल तुझ्याशीच व्हावा असा आग्रह धरू नकोस.

तुझा,
सर