ड्रॉप, पुणे की होळकर कॉलेज? इंदूरच्या एका आईच्या पत्राला उत्तर

ताई, नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. बाकी वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. मुलगी बारावी सीबीएसई, पीसीएम, ८१ टक्के. जेईई मेन दोन्ही वेळा दिली, जानेवारीत ७२ पर्सेंटाईल आणि एप्रिलमध्ये ७४. राहायला राजेंद्र नगर. मिस्टर पीथमपूरला नोकरीत, ते म्हणतात वर्षभर ड्रॉप घे, भंवरकुआंला चांगली कोचिंग लावू. पुण्याचा मामा म्हणतो इकडे पाठवून दे, कॉलेजात ओळख आहे आणि राहायला घर आहेच. आजोबा स्वतः होळकरचे बीएस्सी, त्यांचं म्हणणं आमच्याच कॉलेजात घाला. मुलगी मात्र काहीच बोलत नाही, विचारलं की 'काहीही चालेल' म्हणते आणि खोलीत निघून जाते. सीयूईटी, म्हणजे विद्यापीठांच्या ऍडमिशनची सामायिक परीक्षा, ती पण दिलीये, का दिली विचारलं तर मैत्रिणींनी भरली म्हणून. आणि तुम्ही विचारताय, यातलं बरोबर काय?

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत टेन्शन नको. ड्रॉप नको, पुण्याला पैसे भरून इंजिनीअरिंग तर अजिबात नको, आणि आजोबा बरोबर आहेत. फक्त त्यांचं कारण वेगळं आहे आणि माझं वेगळं.

तुम्ही जेईईच्या स्कोअरकार्डचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण घरात सगळे ७४ हा एकच आकडा धरून बसलेत. त्याच्या वरच्या ओळी बघा. मॅथ्स ९१, फिजिक्स ७०, केमिस्ट्री ४८. म्हणजे या पोरीला गणित येतंय, चांगलं येतंय, आणि केमिस्ट्रीने तिला खाली ओढलंय. बारावीच्या मार्कशीटमध्ये पण तेच दिसतंय, गणितात ९४ आणि केमिस्ट्रीत ६७. दोन वेगळ्या परीक्षा एकच गोष्ट सांगतायत तर ती ऐकायला हवी ना.

आता ड्रॉपचं. जेईई मेनला साधारण १४ लाखांच्या वर मुलं बसतात, त्यामुळे ७४ पर्सेंटाईल म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त मुलं तिच्या पुढे आहेत. जानेवारी ते एप्रिल ती घरी बसून अभ्यासच करत होती असं तुम्हीच लिहिलंय, आणि वाढ झाली २ पर्सेंटाईलची. ड्रॉपचा फायदा होतो तो बहुतेक अशा मुलांना ज्यांचा स्कोअर चढत होता आणि वेळ कमी पडला, किंवा आजारपणात पेपर गेला, आणि मुख्य म्हणजे ज्यांना स्वतःला परत बसायचंय. इथे यातलं एकही नाही. वडिलांना बसवायचंय. मी मिस्टरांना दोष देत नाहीये हं, पीथमपूरच्या प्लांटमध्ये रोज बघतात की इंजिनीअरला केबिन मिळते, मग मुलीसाठी तेच वाटणार. पण त्यांना एवढं सांगा की बारावीनंतर जेईई मेन लागोपाठ ३ वर्षं देता येते, तिचा अजून चान्स गेलेला नाही, आणि त्यासाठी घरी बसायची गरज नाही. कॉलेजला ऍडमिशन घेऊन जानेवारीचा पेपर देता येतो, कोणी अडवत नाही. तिला खरंच हवं असेल तर ती देईल. दिली नाही तर तुम्हाला उत्तर मिळालं, आणि वर्ष पण वाचलं.

मामांचं मन मोठं आहे पण त्यांना नियम माहीत नाहीत. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हा गैरसमज खूप आहे की आपण मराठी, आडनाव मराठी, माहेर पुण्याचं, म्हणजे महाराष्ट्रात आपली सीट. तसं नसतं हो. तिकडच्या इंजिनीअरिंगच्या स्टेट कोट्याला महाराष्ट्राचं डोमिसाईल लागतं. तुमची मुलगी जन्मली इथे, दहावी-बारावी इथे, समग्र आयडी इथली, मूल निवासी प्रमाणपत्र मध्य प्रदेशचं, आणि तुम्हीही लग्न होऊन आल्यापासून इथल्याच. तिथे ती बाहेरच्या राज्याची. मग तिच्यासाठी उरतात प्रायव्हेट कॉलेजच्या १५ टक्के ऑल इंडिया सीट्स, त्या जेईईच्या रँकवर, आणि ७४ ला त्यात कॉम्प्युटर वगैरे विसरा. त्यानंतर जी 'ओळख' मामा म्हणतात ती म्हणजे इन्स्टिट्यूट लेव्हलची सीट, ज्याला सगळे मॅनेजमेंट कोटा म्हणतात. चार वर्षांची फी, वर भाचीची जबाबदारी मामीच्या डोक्यावर, हे सगळं अशा डिग्रीसाठी जी पोरीने मागितलेलीच नाही.

इंजिनीअरिंगच करायचं ठरलं तर निदान इथे बघा, इथे ती घरची आहे. एमपीच्या डीटीई (तंत्रशिक्षण खातं) काउंसिलिंगमध्ये आधी जेईईच्या रँकवर राउंड होतात आणि नंतर उरलेल्या सीट्स बारावीच्या मार्कांवर पण भरतात, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. एसजीएसआयटीएस किंवा डीएव्हीव्हीचं (आपलं देवी अहिल्या विद्यापीठ) आयईटी, या इंदूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या मागणीतल्या ब्रँच या रँकला मिळणार नाहीत हे धरून चला. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन फी वेव्हरच्या, म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या सीट्सचा ऑप्शन नक्की भरा, प्रत्येक ब्रँचला ५ टक्के जादा सीट्स असतात. मेधावी विद्यार्थी योजनेबद्दल (हुशार मुलांची फी एमपी सरकार भरतं ती) विचारलंत, तर सीबीएसईला त्यात ८५ टक्के लागतात, त्यामुळे थोडक्यात हुकलंय. धाकटा एमपी बोर्डाला आहे ना, त्याच्या वेळी लक्षात ठेवा, तिथे ७० टक्क्यांची अट आहे.

आता होळकर. इंदुरात बीएस्सी म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, जणू पोरगी नापास झाली. आजोबांच्या काळात होळकर सायन्स कॉलेजचा दबदबा होता, १८९१ चं कॉलेज आहे, त्यांना तो अभिमान आहे आणि असू दे. माझं कारण त्या स्कोअरकार्डवरची ९१ ची ओळ आहे. गणित आणि स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी केली की पुढे कुठे कुठे दारं आहेत ते मिस्टरांना दाखवा. आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम नावाची परीक्षा असते, त्यात मॅथेमॅटिक्सचा पेपर वेगळा आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा, आणि केमिस्ट्रीचं तोंड बघायचं नाही. सिमरोलच्या आपल्या आयआयटीत गणिताची एमएस्सी आहे, म्हणजे ज्या गेटमधून आत्ता जाता येत नाहीये तिथे तीन-चार वर्षांनी दुसऱ्या बाजूने जाता येतं. एमसीए करायचं असेल तर एनआयटींसाठी निमसेट आहे, भोपाळच्या मॅनिटमध्ये पण त्यावरच घेतात. यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, तिला पदवीत स्टॅटिस्टिक्स विषय लागतो, आणि इंजिनीअर झालेल्या कितीतरी मुलांना ती नुसत्या बीटेकवर देता येत नाही. विम्याच्या हिशेबात रस असेल तर ऍक्चुअरी आहे, तिची एन्ट्रन्स एसीईटी बारावीनंतरच देता येते, पण पुढे पेपरमागून पेपर असतात, वर्षं लागतात, घाईचं काम नाही.

पण बीएस्सीत एक मोठी गडबड आहे आणि ती न सांगता तुम्हाला पाठवलं तर ते बरोबर होणार नाही. कोणी मागे लागत नाही. शाळेत रोज टेस्ट होती, कोचिंगमध्ये रँक लिस्ट लागायची, इथे काही नाही. दुपारनंतर पोरं मोकळी, परीक्षेच्या महिनाभर आधी राजवाड्याजवळून एक पातळ गाईड आणायची, पाच वर्षांचे जुने पेपर पाठ करायचे आणि ७० टक्के घेऊन बाहेर. अशी डिग्री घेऊन माझ्याकडे मुलं येतात, तीन वर्षं झालेली असतात आणि एक इंटिग्रल धड सोडवता येत नसतं, मग त्यांच्या घरचे म्हणतात बीएस्सीला स्कोपच नाही. म्हणून माझी अट अशी की होळकरसोबत दुसरं एक काहीतरी असं हवं ज्याला डेडलाईन आहे. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाईन बीएस आहे, २०२१ पासून, त्याला जेईई लागत नाही, चार आठवडे शिकवतात आणि मग क्वालिफायर परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची, घरून नाही. सुरुवातीलाच मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स, पायथन. दोन डिग्र्या एकाच वेळी करायला यूजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिलीये, एक कॉलेजात आणि एक ऑनलाईन चालतं. झेपलं नाही तर मधेच सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं.

सीयूईटी दिलीच आहे तर डीएव्हीव्हीच्या काउंसिलिंगलाही नाव टाका, खंडवा रोडला त्यांच्याच आयआयपीएस या संस्थेत पाच वर्षांचे इंटिग्रेटेड कोर्स आहेत. वाईट नाहीत. फक्त ऍडमिशनच्या आधी विचारून घ्या की तीन वर्षांनी बाहेर पडायचं म्हटलं तर हातात डिग्री मिळते की नाही, आणि ते प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलेलं दाखवायला सांगा, काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

राहिली ती 'काहीही चालेल'. ताई, जेवायच्या टेबलावर वडील, आजोबा आणि फोनवर स्पीकरला मामा असताना कोणतीही सतरा-अठरा वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणणार? तिला काय व्हायचंय ते विचारूच नका, ते तिला माहीत नाही आणि ते ठीक आहे. त्याऐवजी तिला त्या ऑनलाईन कोर्सच्या पहिल्या चार आठवड्यांना बसवा. कोणी न सांगता ती असाइनमेंट पूर्ण करते का, अडलं तर चिडून परत बसते की बंद करून टाकते, एवढं लांबूनच बघा. हेच मिस्टरांनाही बघू द्या, माझ्या पत्रापेक्षा त्यांना ते जास्त पटेल. चार आठवड्यांत तिने तीनदा पण लॅपटॉप उघडला नाही तर मला परत लिहा, मग माझं होळकरचं मत पण आपण नव्याने तपासू, कदाचित गणित येणं आणि गणित आवडणं या तिच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी असतील.

तोपर्यंत ई-प्रवेशचा (एमपीचं कॉलेज ऍडमिशनचं पोर्टल) फॉर्म मात्र थांबवू नका, होळकरची ऍडमिशन बारावीच्या मेरिटवर त्याच पोर्टलवरून होते. विषय भरताना मेजरला (मुख्य विषय) गणित आणि मायनरला (दुय्यम विषय) स्टॅटिस्टिक्स मिळतंय का ते आधी बघून घ्या, नंतर बदलायला फार चकरा माराव्या लागतात. आणि एमपी ऑनलाईनच्या कियोस्कवर फॉर्म भरायला गेलात तर मोबाईल नंबर स्वतःचा द्या. कियोस्कवाला सवयीने स्वतःचा टाकून देतो, मग सीट अलॉट झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जातो आणि फी भरायची तारीख निघून गेल्यावर तुम्हाला कळतं.