बीसीजी घेतली तर कोरोनासारख्या साथीत आजार सौम्य होतो का?

तुमच्या वडिलांना मधुमेह आहे, वय साठीच्या पुढे, आणि आशाताईंनी प्रौढांसाठीच्या मोहिमेतली बीसीजी, म्हणजे क्षयाची (टीबीची) लस, घ्यायला सुचवलंय. ती घेतली तर पुढच्या एखाद्या विषाणूच्या साथीतही बचाव होईल का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: त्या भरवशावर घेऊ नका. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न २०२० पासून सतत ऐकतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा समज पसरला मार्च २०२० मध्ये. न्यूयॉर्कच्या काही संशोधकांनी देशादेशांची आकडेवारी शेजारी ठेवली. इटली, नेदरलँड्स, अमेरिका इथे सरसकट सगळ्या बाळांना बीसीजी कधीच दिली गेली नाही आणि तिथे माणसं पटापट दगावत होती. जपान, भारत त्या मानाने बरे दिसत होते. आपल्याकडे लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर दंडावरच्या व्रणाचं कौतुक सुरू झालं. (बऱ्याच ज्येष्ठांनी त्या वेळी अभिमानाने दाखवलेला व्रण देवीच्या लसीचा होता.)

पण इटलीतली लोकसंख्या किती म्हातारी, आपली किती तरुण! साथ कुठे आधी पोचली, मृत्यूंची नोंद कुठे नीट होते, यानेही आकडे बदलतात. पुढे पेरूने सगळंच उघडं पाडलं. तिथे बाळांना जन्मतःच बीसीजी देतात, तरी सव्वातीन कोटींच्या आसपास वस्तीच्या त्या देशात दोन लाखांहून जास्त माणसं कोरोनाने गेली. एप्रिल-मे २०२१ मध्ये आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. ऑक्सिजनसाठी धावणाऱ्यांत बीसीजी घेतलेले कमी नव्हते.

इस्रायलमधला अभ्यास मला फार आवडतो. तिथे १९८२ पर्यंत सगळ्या बाळांना बीसीजी मिळायची, नंतर बंद झाली. म्हणून १९७९ ते ८१ मध्ये जन्मलेले आणि १९८३ ते ८५ मध्ये जन्मलेले यांची तुलना केली: देश तोच, वय जवळपास तेच. कोरोनाची चाचणी केलेल्यांपैकी लस घेतलेल्या गटात ११.७ टक्के पॉझिटिव्ह, न घेतलेल्यांत १०.४. म्हणजे फायदा काहीच दिसला नाही.

तरी ही कल्पना खुळचट नव्हती, हे मी आवर्जून सांगते. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर बीसीजी दिली तर पहिल्या महिन्यातले मृत्यू कमी होतात असं दिसलं होतं, आणि ते मृत्यू काही क्षयाचे नव्हते. नेदरलँड्समध्ये मिहाई नेतिया या संशोधकांच्या गटाने दाखवलं की बीसीजीनंतर रक्तातल्या मोनोसाइट (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी दुसऱ्याच जंतूंनाही जास्त जोमाने प्रतिसाद देतात. २०१८ मध्ये त्यांनी निरोगी माणसांना आधी बीसीजी आणि महिन्याभराने पीतज्वराची लस दिली. त्या लसीत कमकुवत केलेला जिवंत विषाणू असतो. बीसीजी घेतलेल्यांच्या रक्तात तो कमी सापडला. पण हा परिणाम काही महिने, फार तर वर्षभर टिकतो असं दिसतं. पाळण्यात टोचलेली लस साठीत कशी कामाला येणार?

मग ताजी लस दिली तर? तेही तपासून झालंय. मेलबर्नहून चाललेल्या ‘ब्रेस’ चाचणीत ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि युरोपातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना बीसीजी आणि निम्म्यांना नुसतं सलाइन टोचलं, कोणाला काय ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून. सहा महिन्यांत लक्षणांसह कोरोना झाला बीसीजीवाल्यांपैकी १४.७ टक्क्यांना, सलाइनवाल्यांपैकी १२.३ टक्क्यांना. तीव्र आजार ७.६ विरुद्ध ६.५ टक्के. हा फरक योगायोगानेही येऊ शकतो, त्यामुळे बीसीजीने नुकसान होतं असं म्हणता येत नाही. फायदा मात्र नक्कीच दिसला नाही. ग्रीसमधल्या वृद्धांत आणि बॉस्टनच्या टाइप-१ मधुमेहींत निकाल आशादायक आले होते, पण त्या चाचण्या लहान होत्या. मी मोठ्या चाचणीवर विसंबते.

बाळांना मात्र बीसीजी चुकवू नका. मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती त्यांना वाचवते. प्रौढांत क्षयावर ती किती चालते ते आता प्रौढांसाठीच्या या मोहिमेतून तपासलं जातंय. वडिलांनी घ्यायची तर त्यासाठी घ्यावी. ही जिवंत जंतूंची लस आहे, त्यामुळे ते स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं काही औषध घेत असतील तर टोचण्याआधीच सांगा. आणि फ्लूची लस वेगळी घ्यावी लागेल, बीसीजी झाली म्हणून ती टाळू नका.